गणित अडलं की मदत कशी मागायची: फिजिक्स, मॅथ्स आणि प्रॉबॅबिलिटीच्या विद्यार्थ्यांसाठी

बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला एखादं गणित सुटेनासं झालं की बहुतेक जण त्याचा फोटो काढतात आणि 'सर, हे कसं करायचं?' असं लिहून पाठवतात. तिकडून पूर्ण सोडवलेलं पान येतं, ते वहीत उतरतं, आणि परीक्षेत तेच गणित आकडे बदलून आलं की पुन्हा तिथेच अडतं. असं होण्याचं कारण एकच. दहा ओळींच्या उत्तरात तुमची अडचण एखाद्याच ओळीत असते, आणि ती कुठली हे तुम्हालाही ठाऊक नसतं आणि मदत करणाऱ्यालाही. ती ओळ आपली आपण शोधायची आणि तेवढीच घेऊन विचारायला जायचं. निम्म्या वेळा ती सापडल्यावर विचारायची गरजच उरत नाही. ती शोधायची कशी, हे पुढे तीन गणितांवर दाखवलं आहे, आणि कोणाला काय विचारावं हे त्यानंतर.

विचारण्याआधीचा अर्धा तास

साधारण अर्धा तास स्वतः झगडावं. पाच मिनिटांत विचारलंत तर कुठे अडलो हे सांगता येत नाही. दोन तास बसलात तर त्याच चुकीच्या वाटेने चार फेऱ्या होतात आणि डोकं शिणतं.

या अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं प्रश्न वाचण्यातच घालवा. प्रश्न हाताने वहीत पूर्ण उतरवा, काय दिलंय आणि काय काढायचंय ते वेगळं लिहा, आकृती काढा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची खरी अडचण पुष्कळदा फिजिक्समध्ये नसतेच, ती इंग्रजी प्रश्नातल्या साध्या दिसणाऱ्या शब्दांत असते. अशा प्रत्येक शब्दामागे एक अट असते आणि अटीमागे एक समीकरण. 'स्मूथ' म्हटलं की घर्षण शून्य. 'रफ' म्हटलं की घर्षण आहे, पण किती ते आपण काढायचं. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे दोरीला वस्तुमान नाही, आणि कप्पीही हलकी आणि स्मूथ असेल तर दोरीतला ताण दोन्ही बाजूंना सारखा. 'इनएक्स्टेन्सिबल' म्हणजे दोरी ताणली जात नाही, म्हणून तिच्या दोन्ही टोकांच्या त्वरणाचं मूल्य सारखं. 'अ‍ॅट लीस्ट वन' म्हणजे एक किंवा कितीही जास्त, तेव्हा 'एकही नाही' याची प्रॉबॅबिलिटी काढून ती १ मधून वजा करणं बहुधा सोपं जातं. 'हेन्स' असेल तर आधीच्या उपप्रश्नाचं उत्तर वापरूनच पुढे जायचं, दुसऱ्या रीतीने केलं तर मार्क जाऊ शकतात.

'विदाउट रिप्लेसमेंट' (काढलेला पत्ता परत न ठेवता) एवढासा शब्द उत्तर किती बदलतो ते पाहा. ५२ पत्त्यांतून दोन पत्ते काढले आणि दोन्ही एक्के निघाले. पहिला पत्ता परत ठेवला नसेल तर ४/५२ × ३/५१, म्हणजे १/२२१. ठेवला असेल तर ४/५२ × ४/५२, म्हणजे १/१६९.

उरलेल्या वीस मिनिटांत प्रत्येक ओळीला नंबर देत गणित सोडवा. नंबर देणं क्षुल्लक वाटेल, पण पुढे 'ओळ ४ वरून ५ वर कसं आलं?' असं विचारता येणं हाच सगळा फायदा आहे. खोडू नका, रेघ मारून तसंच राहू द्या. खोडलेल्या ओळीतच चुकीचं मूळ बसलेलं असतं, आणि ते समोरच्याला दिसायला हवं.

उतारावरून गडगडणारा गोळा

गणित असं: ३० अंशांच्या उतारावरून एक भरीव गोळा स्थिर अवस्थेतून सुटतो आणि न घसरता गडगडत येतो. स्थितिक घर्षणांक ०.४. त्वरण काढा. जी ९.८ धरा.

पुस्तकातलं उत्तर ३.५ मी/से². खूप विद्यार्थ्यांचं उत्तर येतं साधारण १.५. ते असं येतं: उताराच्या दिशेने बल एम जी साइन थीटा, विरुद्ध दिशेने घर्षण म्यू एन (म्यू म्हणजे घर्षणांक), एन म्हणजे उताराची लंब प्रतिक्रिया, एम जी कॉस थीटा. म्हणून त्वरण = जी (साइन थीटा − म्यू कॉस थीटा) = ४.९ − ३.३९ = १.५१. बेरीज-वजाबाकी बिनचूक, आकृती बरोबर, न्यूटनचा नियमही बरोबर. इथे 'माझं कुठे चुकलं?' असा प्रश्न पाठवायची घाई होते. तीन तपासण्या करून बघितल्या की ओळ स्वतःच सापडते.

पहिली तपासणी टोकाच्या मूल्याची. उतार शून्य अंश करा. या सूत्रात थीटा शून्य घातला की त्वरण उरतं उणे ३.९२. म्हणजे सपाट टेबलावर शांत ठेवलेला गोळा आपणहून मागे पळत सुटेल. हे अशक्य आहे. तेव्हा सूत्रच चुकलंय, आकडेमोड पुन्हा करण्यात अर्थ नाही.

दुसरी, जी अट वापरलीच नाही ती शोधायची. 'न घसरता' हे शब्द वरच्या उत्तरात कुठेही आलेले नाहीत. या शब्दांचं समीकरण आहे: केंद्राचं त्वरण = त्रिज्या × कोनीय त्वरण. ते लावून बघा. घर्षण म्यू एन धरलं तर टॉर्क म्यू एन × आर, भरीव गोळ्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया २/५ एम आर², म्हणून आर × अल्फा = ५/२ × ०.४ × ९.८ × ०.८६६ = ८.४९. एकीकडे १.५१, दुसरीकडे ८.४९, आणि दोन्ही सारखे असायला हवेत. गोळा पुढे सरकण्याच्या मानाने किती तरी जास्त जोरात फिरेल, म्हणजे घसरेल. घर्षण आपण फारच जास्त धरलंय.

आता ओळ हातात आली: 'घर्षण = म्यू एन'. म्यू एन ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे. गोळा घसरत नसेल तर घर्षण लागेल तेवढंच असतं आणि ते अज्ञात म्हणून ठेवावं लागतं. दोन अज्ञातं, दोन समीकरणं: एम जी साइन थीटा − एफ = एम ए, आणि एफ आर = २/५ एम आर² × ए/आर. सोडवलं की एफ = २/७ एम जी साइन थीटा आणि ए = ५/७ जी साइन थीटा = ३.५.

मग ०.४ कशाला दिला होता? गोळा खरोखर न घसरता येऊ शकतो का हे बघायला. त्यासाठी म्यू किमान २/७ टॅन ३० म्हणजे ०.१६५ हवा, ०.४ त्याहून मोठा आहे, ठीक. गणितात ०.१ दिला असता तर गोळा घसरला असता आणि तेव्हा घर्षण म्यू एन घेणं योग्य ठरलं असतं (स्थितिक आणि गतिक घर्षणांक सारखेच धरले तर), त्वरण ४.०५ आलं असतं. दिलेला प्रत्येक आकडा सूत्रात कोंबलाच पाहिजे या सवयीतून ही चूक होते, आणि बारावीपर्यंतच्या गणितांनी ती सवय लावलेली असते.

तिसरी तपासणी, वेगळ्या वाटेने तेच उत्तर. उतार २ मीटर लांब धरा, म्हणजे उंची १ मीटर. ३.५ त्वरणाने खाली वेगाचा वर्ग २ × ३.५ × २ = १४. ऊर्जेच्या नियमाने, सरळ आणि फिरण्याची गतिज ऊर्जा मिळून ७/१० एम व्ही² = एम जी एच, म्हणून वेगाचा वर्ग १०/७ × ९.८ × १ = १४. जुळलं. इथे घर्षणामुळे ऊर्जा का वाया जात नाही, हा प्रश्न मनात आला तर तो जरूर विचारा. उत्तर छोटं आहे (टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून स्थितिक घर्षण कार्य करत नाही), पण हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी पुढच्या पाच गणितांत अडत नाही.

एककांची तपासणी वेगळी सांगायला नको. आकडे अगदी शेवटी घाला, तोपर्यंत अक्षरंच ठेवा. सुरुवातीलाच ९.८ आणि ०.५ घालून टाकले की थीटा शून्य करून बघायची सोयच राहत नाही.

एप्सिलॉन-डेल्टा: डेल्टात एक्स राहिला

शुद्ध गणितात उत्तर आधीच माहीत असतं, सिद्धता हवी असते. तिथे आकड्यांनी तपासता येत नाही असा समज आहे, तो खोटा आहे. एक्स २ कडे जाताना एक्स² ची लिमिट ४ आहे हे सिद्ध करायचंय, म्हणजे कितीही लहान एप्सिलॉन दिला तरी असा डेल्टा दाखवायचा की एक्स २ पासून डेल्टाहून जवळ असला की एक्स² ४ पासून एप्सिलॉनहून जवळ राहतो. |एक्स² − ४| = |एक्स − २| × |एक्स + २|, इथपर्यंत सगळे येतात. मग पुष्कळ जण लिहितात: डेल्टा = एप्सिलॉन / |एक्स + २| घेऊ. शिक्षक लाल शाईने काट मारतात आणि मुलांना कळत नाही का.

क्रम पाहा. व्याख्येत आधी एप्सिलॉन येतो, मग डेल्टा, आणि एक्स सगळ्यात शेवटी. डेल्टा ठरतो तेव्हा एक्स अजून आलेलाच नाही, तर डेल्टा त्याच्यावर अवलंबून कसा असेल? म्हणून |एक्स + २| ला एका ठरावीक संख्येने वरून बांधायचं: एक्स २ पासून १ पेक्षा जवळ असेल तर तो १ आणि ३ च्या मध्ये, म्हणून |एक्स + २| ५ पेक्षा लहान. आता डेल्टा = १ आणि एप्सिलॉन/५ यांतली लहान संख्या.

'लहान संख्या' का, नुसतं एप्सिलॉन/५ का नाही? एप्सिलॉन १० घालून बघा. एप्सिलॉन/५ = २. एक्स ३.९ घेतला तर तो २ पासून १.९ वर आहे, म्हणजे चालतो. पण त्याचा वर्ग १५.२१, वजा ४ केले तर ११.२१, जे १० पेक्षा मोठं. मोडलं. डेल्टा १ ठेवला असता तर ३.९ आतच आला नसता. सिद्धतेतली एखादी अट कशासाठी आहे हे कळत नसेल तर ती काढून टाका आणि काय मोडतं ते एका संख्येवर बघा. हे उदाहरण सोबत घेऊन विचारायला गेलात तर शिक्षक पाच मिनिटांत पुढचा मुद्दा सांगू शकतात.

जॉइंट डेन्सिटी: बरोबर उत्तर, चुकीचं कारण

प्रॉबॅबिलिटीत फार फसगत होते, कारण चुकीच्या वाटेनेही कधी कधी बरोबर उत्तर येतं. हे गणित घ्या: ० < एक्स < वाय < १ या भागात डेन्सिटी २ आहे, बाकी सगळीकडे शून्य. (अ) दोन्हींच्या मार्जिनल डेन्सिटी (एकट्या एक्सची आणि एकट्या वायची) काढा. (ब) एक्स आणि वाय स्वतंत्र आहेत का? (क) एक्स + वाय १ पेक्षा कमी असण्याची प्रॉबॅबिलिटी काढा.

नेहमीची चूक अशी: दोन्ही ० ते १ मध्ये आहेत म्हणून इंटिग्रेशनच्या लिमिट ० ते १ घेतल्या. एक्सची मार्जिनल २, वायची मार्जिनल २. गुणाकार ४, जॉइंट डेन्सिटी २, जुळत नाही, म्हणून स्वतंत्र नाहीत. पुस्तकात (ब) चं उत्तर हेच, 'नाहीत'. विद्यार्थी खूश होऊन पुढे जातो. (क) मध्ये एक्स + वाय < १ हा अर्धा चौरस, क्षेत्रफळ १/२, गुणिले २, उत्तर १. म्हणजे बेरीज १ च्या पुढे कधी जातच नाही. पण एक्स ०.६ आणि वाय ०.९ हे दिलेल्या भागात बसतं, बेरीज १.५.

चूक खरं तर (अ) मध्येच पकडता आली असती. ० ते १ वर डेन्सिटी २ असेल तर एकूण प्रॉबॅबिलिटी २ होते. मार्जिनल काढली की तिचं पूर्ण इंटिग्रेशन १ येतं का, हे बघितल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका. ही सवय एवढी कामाची आहे की तपासणीची ओळ वहीतच लिहा, डोक्यात करू नका.

अडलेली ओळ लिमिटची आहे. चौरस काढा, त्यात कर्णाच्या वरचा त्रिकोण छायांकित करा: कोपरे (०,०), (०,१), (१,१). आता एक्स एका जागी पक्का करून उभी रेघ मारा. ती त्रिकोणात वाय = एक्सला शिरते आणि वाय = १ ला बाहेर पडते. लिमिट झाल्या एक्स ते १, मार्जिनल २(१ − एक्स). आडवी रेघ मारली तर एक्स ० पासून वायपर्यंत, मार्जिनल २ वाय. दोन्हींचं ० ते १ इंटिग्रेशन १ येतं. स्वतंत्र नाहीत याचं खरं कारण चित्रातच दिसतं: एक्स ०.९ आहे असं कळलं की वाय ०.९ च्या वरच असणार. (क) ला इंटिग्रेशनही लागत नाही. एक्स + वाय = १ ही रेघ (०,१) पासून (१/२,१/२) पर्यंत जाते आणि त्रिकोणाचे बरोबर दोन सारखे भाग करते. उत्तर १/२.

अशा गणितात मदत हवी असेल तर आकृतीचा फोटो आधी पाठवा, इंटिग्रेशनचा नंतर. आकृती नसेल तर मदत करणारा पहिली गोष्ट तीच मागेल.

निरोप कसा लिहावा

शिक्षकांना किंवा सीनियरला लिहायचं तर साधारण असं:

'नमस्कार मॅडम. एस.वाय.बी.एस्सी.च्या वर्गात आहे. ० < एक्स < वाय < १ वर डेन्सिटी २ आहे. एक्सची मार्जिनल काढताना वायचं इंटिग्रेशन ० ते १ केलं, उत्तर २ आलं (ओळ ३). पण त्याचं ० ते १ इंटिग्रेशन १ येत नाही, म्हणजे ओळ ३ चुकली आहे. खालची लिमिट एक्स घ्यायची का, आणि ते कशावरून ठरवायचं? पूर्ण प्रश्न आणि वहीचं पान सोबत पाठवत आहे. असाइनमेंट शुक्रवारी द्यायची आहे, तुमच्या सवडीने सांगा.'

यात प्रश्न पूर्ण आहे, अडलेली ओळ आहे, ती चूक का वाटते ते आहे आणि एकच प्रश्न आहे. चार गणितं एकदम पाठवू नका, चारही मागे पडतात. रात्री साडेअकराला पाठवून सकाळी सातला उत्तराची अपेक्षा धरू नका.

फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, वहीच्या बरोबर वरून काढा. पेन्सिलीचं लिखाण फोटोत उठत नाही, पेनने लिहा. प्रश्नाचा फोटो कापू नका, वरची 'खालील माहितीवरून' ही ओळच पुष्कळदा राहून जाते. गणित टाइप करत असाल तर कंस सढळ हाताने घाला. '१/२एक्स' म्हणजे एक्सचा अर्धा की १ भागिले २एक्स, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मदत नेहमी ऑनलाइन घेणार असाल तर लाटेकमध्ये (गणित टाइप करायची पद्धत) साधे अपूर्णांक, घात आणि इंटिग्रल लिहायला शिकून घ्या, दोन संध्याकाळी पुरतात.

कोणाकडे जावं

पहिला मान आपल्या शिक्षकांचा, कारण पेपर तेच तपासतात आणि अभ्यासक्रमात कुठली रीत अपेक्षित आहे हे त्यांनाच ठाऊक असतं. ट्युटोरिअल किंवा प्रॅक्टिकल संपताना पाच मिनिटं मागा, भर वर्गात संकोच होत असेल तर ही वेळ बरी. एक वर्ष पुढच्या सीनियरला तीच अडचण नुकतीच आलेली असते, त्यामुळे तो कधी कधी जास्त सोपं सांगतो. मित्रांत मिळून करायचं तर तिघांपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येकाने आधी स्वतंत्र लिहून आणावं. एकत्र कोऱ्या कागदावर बसलात तर जो भरभर सोडवतो तोच सोडवतो, बाकीचे मान डोलावतात.

तेच तत्त्व दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर अनेक विषयांची गणितं सोडवलेल्या उत्तरांसह मिळतात. मेकॅनिक्ससाठी ८.०१ आणि प्रॉबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्ससाठी १८.०५ हे कोर्स नंबर शोधा. एखादी कल्पना मराठीतून वाचली तर चटकन पटत असेल तर मराठी विश्वकोशातल्या नोंदी ऑनलाइन खुल्या आहेत, मात्र पेपरात वापरायच्या संज्ञा इंग्रजीतूनही पाठ असू द्या. मॅथ स्टॅक एक्सचेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर तुम्ही काय करून पाहिलं ते न लिहिता नुसता प्रश्न टाकला तर तो बंद होतो, आणि फिजिक्स स्टॅक एक्सचेंजवर 'माझं उत्तर तपासा' अशा प्रश्नांना थारा नाही, तिथे संकल्पनेचाच प्रश्न विचारा. चालू परीक्षेचा किंवा घरी सोडवायला दिलेल्या पेपरचा प्रश्न कुठेही टाकू नका. असाइनमेंटमध्ये कोणाशी चर्चा केली असेल तर खाली एका ओळीत तसं लिहा.

कॅल्क्युलेटर, कॉम्प्युटर आणि एआय

उत्तर विचित्र आलं की आधी कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवर वर बघा, डिग्री आहे की रेडियन. रेडियनवर साइन ३० म्हणजे उणे ०.९८८ येतं. एक्सेल आणि पायथन कायम रेडियनच धरतात. गणित सोडवून देणारं वुल्फ्राम अल्फा हे संकेतस्थळ 'लॉग'चा अर्थ ई पायाचा लॉग असा घेतं. सिमपाय (पायथनची बीजगणित करणारी लायब्ररी) इंटिग्रेशनमध्ये स्थिरांक लिहीत नाही. पुस्तकात साइन² एक्स आणि स्क्रीनवर उणे कॉस² एक्स आलं तर दोन्ही बरोबर असू शकतात, त्यांच्यात फक्त १ चा फरक आहे. शंका असेल तर दोन्हींचं डेरिव्हेटिव्ह घ्या.

प्रॉबॅबिलिटीचं उत्तर पटत नसेल तर सिम्युलेशन हा फार चांगला मदतनीस आहे. दोन फासे टाकले, निदान एक सहा आहे असं कळलं, तर दोन्ही सहा असण्याची प्रॉबॅबिलिटी १/६ की १/११? पायथनमध्ये पाच-सहा ओळींत १०,००० वेळा फासे टाका, निदान एक सहा असलेल्या फेऱ्या (सुमारे ३,०५६) वेगळ्या काढा, त्यांत दोन्ही सहा किती ते मोजा. ०.०९ च्या आसपास येईल, १/६ म्हणजे ०.१६७ च्या जवळपासही नाही. इथे आकड्याची नैसर्गिक हेलकावणी साधारण ०.००५ आहे, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही. मग ३६ जोड्या लिहून काढा: निदान एक सहा असलेल्या ११, दोन्ही सहा असलेली १. सिम्युलेशन उत्तर सांगतं, कारण सांगत नाही, म्हणून वहीत या ३६ जोड्याच लिहायच्या.

एआय चॅटबॉटला गणित देऊन 'सोडव' म्हटलं की सुरेख मांडलेलं उत्तर येतं, आणि त्यात मध्येच एखादी ओळ ठाम स्वरात चुकलेली असू शकते. त्यापेक्षा आपल्या नंबर घातलेल्या ओळी द्या आणि सांगा: 'पहिली चुकीची ओळ कुठली तेवढंच सांग, पुढे सोडवू नकोस.' पुस्तकातलं उत्तर आधी सांगू नका. ते कळलं की चॅटबॉट पायऱ्या वाकवून तिथे पोहोचण्याचा प्रयत्न करतो. आणि जे सांगेल त्यावर थीटा शून्य करण्याची, एकूण १ येण्याची तपासणी तुम्हीच लावा.

मदत मिळाली की पान मिटून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर तेच गणित पुन्हा सोडवा, जमल्यास थोडं बदलून: भरीव गोळ्याऐवजी पातळ कडं घ्या (त्वरण अर्धा जी साइन थीटा यायला हवं), त्रिकोण कर्णाच्या खालचा घ्या. जिथे थांबाल तिथे अजून एक प्रश्न बाकी आहे, तो पुन्हा विचारायला संकोच नको.

पुस्तकातलंच उत्तर चुकलं असेल तर

असं होतं, विशेषतः नव्या अभ्यासक्रमासाठी घाईने छापलेल्या पुस्तकांत. पण तो निष्कर्ष शेवटचा. आधी प्रश्न पुन्हा वाचून जी ९.८ की १० धरायला सांगितलंय ते बघा. दोन उत्तरांचा भागाकार करा: तो बरोबर २, १८०/पाय (सुमारे ५७.३) किंवा १००० आला तर व्यास-त्रिज्या, डिग्री-रेडियन किंवा एककाचा घोळ असण्याची शक्यता जास्त. मग टोकाची मूल्यं दोन्ही उत्तरांत घाला आणि कुठलं मोडतं ते पाहा. पुस्तकातलंच मोडत असेल तर पुस्तकाची आवृत्ती, पान नंबर, तुमचं पूर्ण उत्तर आणि ते मोडणारं उदाहरण एवढं एका कागदावर लिहून शिक्षकांना दाखवा, आणि वहीत त्या गणितापुढे दोन्ही उत्तरं तारखेसह नोंदवून ठेवा.